भिंतीवरचे कुशन पॅनेल सारखे पडतायत? परत चिकटवायच्या आधी पडलेल्याची पाठ बघा

आईच्या पलंगामागच्या भिंतीला आम्ही कुशनचे पॅनेल लावले त्याला आता चार वर्षं होतील, आणि त्यातलं पहिलं वर्ष ते नुसते पडत होते. एक लावला की दुसरा, दुसरा लावला की पहिला परत. आता दोन-तीन पावसाळे गेले, एकही हललेला नाही, म्हणून जे जे कळलं ते सगळं सविस्तर लिहितेय, कारण हाच त्रास असलेली चार घरं मला माझ्याच ओळखीत सापडली आणि चौघंही मी करत होते तेच करतायत, पडला की अजून जास्त टेप लावायचा.

आधी आमचं काय होतं ते सांगते. आम्ही डोंबिवलीत राहतो, बिल्डिंग नव्वदच्या दशकातली, विटांच्या भिंती, वर सिमेंटचा गिलावा, त्यावर पुट्टी आणि त्यावर इतक्या वर्षांचे रंगाचे थर. आईला कमरेचा त्रास आहे, दिवसातले बरेच तास ती पलंगावर भिंतीला टेकून बसते, पेपर वाचते, भाजी निवडते, आणि पाठीमागे उशी घेतली की ती घसरते, मग आई वाकडी बसते आणि संध्याकाळी कंबर धरते. म्हणून सहा पॅनेल करून घेतले. प्रत्येक दोन फूट बाय एक फूट, मागे १२ एमएम प्लाय, पुढे दोन इंची फोम, वरून मखमलीसारखं कापड. तीन-तीनच्या दोन ओळी, म्हणजे सहा फुटी पलंगाच्या रुंदीला बरोब्बर.

पहिल्यांदा दिवाळीच्या आधी फोमवाल्या डबल टेपने चिकटवले. मार्चपर्यंत एकदम छान. एप्रिलमध्ये वरच्या ओळीतला मधला पॅनेल बोटभर खाली आलेला दिसला, हाताने वर दाबला, पुढच्या आठवड्यात दुपारी पडला. नवीन टेप, दुप्पट टेप. मे महिन्यात दोन पडले. मग दुकानदार म्हणाला की खिळ्याशिवाय चिकटवायचं ट्यूबमधलं अ‍ॅडेसिव्ह येतं ते घ्या, दगडासारखं धरतं. धरलं पण. जून गेला. जुलैत रात्री अडीच वाजता कडेचा पॅनेल आईच्या खांद्यावर पडला. लागलं नाही, पण ती इतकी घाबरली की पुढचे आठ-दहा दिवस पलंगाच्या मध्यावर, कशालाही न टेकता बसायची, आणि ते बघून मला फार वाईट वाटलं, कारण तिला आधार मिळावा म्हणून जी गोष्ट केली तिच्यामुळेच तिचा भिंतीवरचा विश्वास गेला होता. त्या दिवशी मी पहिल्यांदा पडलेला पॅनेल उलटा करून खिडकीपाशी उजेडात नीट बघितला. हे मी एप्रिलमध्येच करायला हवं होतं.

पडलेल्या पॅनेलची पाठ आणि भिंतीवरची ती जागा, दोन्ही बाजूबाजूला बघा. कारण तिथेच दिसतं, फक्त आपण घाईघाईत जुना टेप खरवडून टाकतो आणि पुरावा पुसून टाकतो. टेप भिंतीवरच राहिलाय आणि पॅनेल मोकळा झालाय का? तर गडबड पॅनेलच्या पाठीत आहे. कुशनवाले बऱ्याचदा मागून काळं पातळ कापड स्टेपल करून देतात, दिसायला फिनिशिंग चांगलं दिसतं, पण टेप त्या कापडाला चिकटतो, प्लायला नाही, आणि कापड दोन-चार पिनांवर किती वजन धरणार. तसं असेल तर टेपच्या जागेपुरतं कापड कापून काढा, प्लायवर पॉलिश पेपर मारा, भुसा पुसा.

टेप पॅनेलबरोबर आलाय आणि त्याच्या तोंडावर टाल्कम पावडर लागल्यासारखं पांढरं बारीक काही आहे? तो तुमच्या भिंतीचा रंग आहे. डिस्टेंपर जुना झाला की त्याची भुकटी सुटते, मग तुम्ही जगातला सगळ्यात भारी टेप लावा, तो भुकटीलाच चिकटणार. कुठलाही टेप लावायच्या आधी भिंतीवर तळहात जरा दाबून फिरवा आणि हात बघा. पांढरं लागलं तर त्या भिंतीवर चिकटवायचा विचारच सोडून द्या.

टेपबरोबर किंवा अ‍ॅडेसिव्हबरोबर रंगाची, पुट्टीची खपली निघून आलीय, भिंतीत खड्डा पडलाय? मग अ‍ॅडेसिव्ह उत्तम होतं, भिंतीचा वरचा थर कमजोर होता. इथे अजून स्ट्राँग अ‍ॅडेसिव्ह आणलंत तर पुढच्या वेळी अजून मोठी खपली घेऊन पडेल, एवढाच फरक. आणि ती खपली उलटी करून नक्की बघा, मागच्या बाजूला गार, ओलसर लागतंय का, किंवा कापसासारखे मिठाचे पांढरे तंतू आहेत का. असतील तर भिंतीला लोणा आहे, म्हणजे आतून पाणी येतंय, बाकी सगळं सोडून आधी ते बघावं लागणार.

आणि टेपचा फोमच मधोमध फाटलाय, अर्धा इकडे अर्धा तिकडे, तर भिंतही ठीक आणि पाठही ठीक, वजन आणि ओढ त्या टेपला झेपलेली नाही.

माझं काय निघालं? एप्रिल-मेमध्ये पडलेल्यांचा टेप मधून फाटलेला होता. जुलैतल्या पॅनेलच्या मागे तळहाताएवढी पुट्टीची खपली आणि तिच्या पाठीला ते मिठाचे तंतू. म्हणजे एकाच भिंतीवर दोन वेगवेगळी दुखणी, आणि मी दोन्हीवर एकच औषध वाढवत नेत होते.

आता टेप का फाटतो ते नीट समजून घ्या, कारण ते समजलं की पुढचं सगळं सोपं आहे. आपल्याला वाटतं कुशन म्हणजे हलकं. फोम हलकाच असतो. ३२ डेन्सिटीचा फोम म्हणजे एका घनमीटरला ३२ किलो, त्या हिशोबाने दोन फूट बाय एक फूट, दोन इंच जाडीचा तुकडा जेमतेम ३०० ग्रॅम भरतो. पण त्याच मापाचा १२ एमएम प्लाय सव्वा ते दीड किलो. सगळं वजन पाठीत आहे. कापड धरून एक पॅनेल पावणेदोन किलोच्या आसपास जातो, आणि हे वजन टेपवर रात्रंदिवस लटकतंय, मे महिन्यात खोली तापली की टेपचा गोंद मऊ पडतो आणि पॅनेल मिलिमीटर मिलिमीटर खाली सरकत राहतो. तो जो बोटभर खाली आलेला दिसतो ना, ती सूचना असते, तेव्हाच उतरवून ठेवायचा, हाताने वर दाबायचा नाही.

पण नुसतं वजन असतं तर टेपने कदाचित धरलंही असतं. खरी गोष्ट वरच्या कडेची आहे. पॅनेल भिंतीपासून अडीच इंच पुढे आलेला असतो, त्याच्या वजनाने तो खाली तर जातोच पण वरून पुढे झुकायलाही बघतो. शिवाय माणूस टेकतो तेव्हा बऱ्याचदा पॅनेलच्या खालच्या भागावर पाठीचा दाब येतो, खालची कड भिंतीत दबते आणि वरची कड पहारीसारखी बाहेर उचलली जाते. सरळ ओढलं तर न सुटणारी चिकट गोष्ट एका कडेने सोलली की लगेच सुटते. शेतातून आल्यावर कपड्यांना गोखरू चिकटतं बघा, धरून सरळ ओढलं तर कापड ताणतं पण गोखरू हलत नाही, कडेने उचलून सोललं की सुटतं. स्वित्झर्लंडच्या जॉर्ज द मेस्त्राल या इंजिनिअरने असलीच काटेरी फळं कुत्र्याच्या केसांत अडकलेली बघून वेल्क्रो केला, आणि वेल्क्रोचाही स्वभाव अगदी हाच, खाली ओढा, धरून ठेवेल, वरच्या कडेने सोला, चर्रकन निघेल. म्हणून सगळा टेप वरच्या कडेला लावा, चारी कोपऱ्यांना लावा, अशा युक्त्यांनी दिवस वाढतात, पडणं थांबत नाही.

त्यात आमच्याकडे अजून एक होतं जे मला फार उशिरा दिसलं. आई पलंगावरून उठताना हात मागे नेऊन पॅनेलच्या वरच्या कडेला धरते. मी एक दिवस मुद्दाम कोपऱ्यात बसून बघितलं, प्रत्येक वेळी, न चुकता, उजव्या हाताची चार बोटं पॅनेलच्या मागच्या फटीत. म्हणजे आम्ही ज्या कडेला सगळ्यात जपायला हवं तिथेच दिवसातून वीस वेळा ओढ बसत होती. तुमच्या घरी वयस्कर कोणी असेल, किंवा पलंगावर उभं राहायला शिकणारं बाळ असेल, तर हे एकदा बघाच.

तर आता भिंत. अ‍ॅडेसिव्ह असो की स्क्रू, भिंत तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. हात फिरवायची टेस्ट वर सांगितली. दुसरी, बोटाच्या पेराने ठोकत जायचं, जिथे आवाज पोकळ येतो तिथे गिलावा किंवा पुट्टी सुटलेली आहे. तिसरी ओलीची, ही फुकट आणि सगळ्यात उपयोगी: साधारण फूटभर प्लॅस्टिकचा पारदर्शक तुकडा घ्या, चारी बाजूंनी टेपने हवाबंद चिकटवा, दोन दिवस तसाच ठेवा. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, दव धरलं तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला धरलं तर ती खोलीतली दमट हवा आहे, ते वेगळं.

आमच्या भिंतीवर आतून दव धरलं. आणि मग डोक्यात आलं की या भिंतीच्या पलीकडे बाथरूम आहे! आपल्याकडे कितीतरी फ्लॅटमध्ये बेडरूमला लागून बाथरूम आणि पलंग नेमका त्याच भिंतीला. शॉवरखालच्या टाइल्सचे जॉइंट झिजलेले होते, रोजचं पाणी तिथून आत मुरत होतं आणि पावसाळ्यात हवा दमट असल्यामुळे भिंत वाळतच नव्हती. मिस्त्रींना बोलावून जॉइंट खरवडून इपॉक्सीने भरून घेतले, आमच्या बाजूची फुगलेली पुट्टी विटेपर्यंत काढली, आणि मग वाट बघितली. ही वाट बघणं सगळ्यात अवघड जातं कारण खोली अर्धवट दिसते, आई रोज विचारते कधी होणार, पण जोपर्यंत तो प्लॅस्टिकचा तुकडा दोन दिवसांनंतर कोरडा निघत नव्हता तोपर्यंत मी गिलावा करू दिला नाही. आमच्याकडे त्यात दिवाळी उलटून गेली. ओल्या भिंतीवर पुट्टी मारलीत तर ती पुढच्या पावसाळ्यात परत फुगणार, कोणीही मारून दिली तरी.

ओल असेल तर पॅनेलची पाठसुद्धा तपासा. एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला बोर्ड असेल तर कडा फुगून बिस्किटासारख्या होतात, तो टाकून द्या, त्यात स्क्रू धरत नाही. प्लाय असेल आणि थर सुटले नसतील तर उन्हात वाळवून चालतो. नवीन करून घेत असाल तर अशा भिंतीला निदान बीडब्ल्यूआर, म्हणजे पाणी सहन करणाऱ्या ग्रेडचा प्लाय सांगा, साधा, फक्त दमटपणापुरता एमआर नको. आणि स्टेपलच्या पिना गंजतात, त्याचे तपकिरी ठिपके कडेच्या कापडातून बाहेर दिसायला लागतात, आमच्या दोन पॅनेलला आले, ते काही केल्या जात नाहीत.

आता लावायचं कसं. मला हे आमच्या सुतारकाकांनी सांगितलं. ते म्हणाले, ताई, चिकटवू नका, अडकवा. त्याला ते तिरकी पट्टी म्हणतात. १२ एमएम प्लायची तीन इंच रुंद पट्टी घ्यायची आणि लांबीला मधोमध ४५ अंशात तिरकी कापायची, की दोन पट्ट्या होतात. एक भिंतीला, एक पॅनेलला. भिंतीची पट्टी अशी लावायची की तिरकी कड वर, आणि तिचं उंच टोक आपल्याकडे, खोलीकडे, म्हणजे भिंत आणि पट्टी यांच्यात वरून एक खाच तयार होते. पॅनेलच्या पट्टीची तिरकी कड खाली, आणि तिचं टोक भिंतीकडे. पॅनेल वरून खाली सोडला की हे टोक त्या खाचेत जाऊन बसतं, आणि मग जितकं वजन जास्त तितका पॅनेल भिंतीकडे ओढला जातो. वरची कड पुढे यायचा प्रश्नच संपतो, जी कड टेपने कधीच धरली नाही तीच आता सगळ्यात घट्ट असते. पहिला पॅनेल असा खट्ट करून बसला तेव्हा मी दोन्ही हातांनी ओढून बघितला आणि मला खरंच भरून आलं.

यात काही गोष्टी चुकतात त्या सांगते. एक, पॅनेलच्या खालच्या बाजूला पाठीमागे त्याच जाडीचा, १२ एमएमचा तुकडा लावायचा, नाहीतर पॅनेल खालून आत आणि वरून बाहेर असा तिरका दिसतो आणि टेकलं की डुगडुगतो. दोन, पॅनेल बसवताना तो आधी दीडेक सेंटीमीटर वर उचलून मग खाली सोडावा लागतो, म्हणजे वर तेवढी मोकळी जागा हवी. वर कपाट किंवा शेल्फ चिकटून असेल तर आधी माप घ्या. दोन ओळी असतील तर खालची ओळ आधी बसवायची, मग वरची, काढताना उलट. तीन, आणि हे खूप महत्त्वाचं, पॅनेलच्या पाठीला पट्टी मारताना स्क्रू पाऊण इंचीच वापरा. पट्टी १२ एमएम, प्लाय १२ एमएम, दोन्ही मिळून २४, पाऊण इंची स्क्रू १९ एमएम, म्हणजे आत थांबतो. एक इंची लावलात तर टोक प्लायमधून बाहेर फोममध्ये येतं, वरवर कळत नाही, पण कोणी जोरात टेकलं की पाठीला टोचतं. पट्टीखाली सुतारकामाचा पांढरा गोंद पण लावा, लाकडाला लाकूड आहे, तिथे तो मस्त धरतो.

भिंतीच्या पट्टीसाठी मी प्रत्येक ओळीला एकच सहा फुटी सलग पट्टी लावली. सहा वेगळ्या पॅनेलला वेगवेगळी भोकं पाडत बसण्यापेक्षा हे कितीतरी सोपं, एकदा पट्टी लेव्हलमध्ये आली की तिन्ही पॅनेल आपोआप एका रेषेत येतात. एका पट्टीला पाच स्क्रू. तीन पॅनेल म्हणजे साधारण सव्वापाच किलो, पाच स्क्रूंवर वाटलं तर एकेकाला किलोभर येतं, विटेतल्या गिट्टीला (भोकात स्क्रूसाठी बसवतात तो प्लॅस्टिकचा प्लग) ते काहीच नाही.

आता स्क्रूची लांबी, कारण स्क्रूने लावूनसुद्धा हलतंय अशी तक्रार असते तिचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. दीड इंची स्क्रू म्हणजे ३८ एमएम. त्यातले १२ पट्टीत गेले, राहिले २६. आतल्या भिंतीचा गिलावा साधारण १२ ते १५ एमएम असतो, वर पुट्टी. म्हणजे विटेत उरले जेमतेम १० एमएम. गिट्टी विटेत नाही, गिलाव्यात बसलीय, आणि गिलावा फुटला की गिट्टी स्क्रूबरोबर गोल गोल फिरायला लागते. अडीच इंची स्क्रू घ्या, ६३ एमएम, पट्टी आणि गिलावा सोडून विटेत ३५-३६ एमएम मिळतात. भोक भिंतीत ५५ एमएम खोल पाडा, बिटवर तेवढ्या मापाला रंगीत टेप गुंडाळून ठेवला की अंदाज चुकत नाही. भोकातली भुकटी फुंकून किंवा जुन्या टूथब्रशने काढा, आणि गिट्टी खिळ्याच्या डोक्याने आत ढकला, गिलाव्याच्या पलीकडे जाईपर्यंत.

ड्रिल करताना बाहेर पडणारी भुकटी बघत राहा. आधी पांढरी येते ती पुट्टी, मग करडी तो गिलावा, मग लाल आली की विटेत पोचलात. लाल येता येता पुन्हा करडी आली आणि बिट सहज शिरायला लागलं तर दोन विटांमधल्या सांध्यात आहात, इंच-दोन इंच सरका. करडीच येतेय आणि बिट पुढेच जात नाही तर आरसीसी आहे, कॉलम किंवा बीम, किंवा नवीन टॉवरमध्ये सगळी भिंतच काँक्रीटची असते ज्याला मिवान म्हणतात, तिथे ड्रिलचा हॅमर मोड, म्हणजे ठोके देत फिरणारा, आणि चांगलं बिट लागतं पण एकदा भोक पडलं की पकड जबरदस्त. आणि सुरी लोण्यात गेल्यासारखं बिट आत गेलं, भुकटी पांढुरकी आणि भरपूर, तर ते हलके ब्लॉक आहेत, एएसी किंवा सिपोरेक्स म्हणतात ते. तिथे हॅमर मोड बंद करा, भोक मोठं होतं, आणि साधी गिट्टी चालत नाही, त्या ब्लॉकसाठी लांब नायलॉनची गिट्टी वेगळी मिळते ती मागून घ्या. जिप्सम बोर्डचं पार्टिशन असेल तर आतल्या लोखंडी चॅनेलवर स्क्रू आला पाहिजे, चुंबक फिरवून चॅनेल सापडतो.

भोक मोठं झालंच तर त्यात काडेपेटीच्या काड्या, कागद, लाकडाचा गट्टू असलं काही ठोकू नका. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं आणि सैल होतं, वर वाळवीला आमंत्रण. ८ एमएमची गिट्टी घाला, किंवा व्हाइट सिमेंटच्या घट्ट लगद्यात गिट्टी बसवून एक दिवस हात लावू नका.

आणि कृपा करून ड्रिल चालू करायच्या आधी दोन मिनिटं भिंतीकडे बघा. स्विचबोर्डच्या सरळ वर, सरळ खाली आणि दोन बोर्डांच्या मधल्या रेषेत भिंतीच्या आत वायर असते, भिंतीचा तेवढा भाग सोडून द्या, शंका असेल तर त्या खोलीचा एमसीबी पाडून मशीन दुसऱ्या खोलीतून एक्स्टेंशनवर चालवा. पलीकडे बाथरूम असेल तर तिकडे जाऊन शॉवर, गीझर, नळ कुठे आहेत ते एकाच कोपऱ्यापासून टेपने मोजा आणि तेच माप इकडे पेन्सिलने काढा. मी असं काढलं तेव्हा माझं एक भोक बरोबर गीझरच्या पाइपच्या रेषेवर येत होतं.

सगळं बसल्यावर एक शेवटचा धोका उरतो. तिरकी पट्टी खाली आणि पुढे काहीही सहन करते पण कोणी खालून वर उचललं तर पॅनेल सहज निघतो, ते तिचं कामच आहे. पलंग सरकवताना, चादर खोचताना असं होतं. म्हणून प्रत्येक पॅनेलच्या खालच्या तुकड्यावर वेल्क्रोचा दोन इंची तुकडा लावा, जोडीचा भिंतीवर. तो त्याच्या गोंदावर सोडू नका, प्लायवर स्टेपल मारा आणि भिंतीकडच्या बाजूला स्क्रूखाली दाबा.

भाड्याचं घर असेल, मालक भोकं पाडू देत नसतील, तर भिंतीचा नादच सोडा. दोन उभ्या लाकडी पट्ट्या जमिनीवर टेकवायच्या, पलंगाच्या मागच्या फळीला बोल्टने आवळायच्या, त्यावर आडव्या तिरक्या पट्ट्या आणि त्यावर पॅनेल. वजन जमिनीवर जातं, भिंतीला फक्त टेकतं, आणि घर बदललं की सगळं बरोबर नेता येतं. प्लाय नसलेल्या नुसत्या मऊ गाद्या असतील तर त्यांना वर कापडी पट्टे शिवून पडद्याच्या रॉडवर अडकवा, बाजूला दोन ब्रॅकेट पुरतात. मऊ गादीला टेप किंवा वेल्क्रो लावून भिंतीवर धरून ठेवायचा प्रयत्न मी कोणालाच सांगणार नाही, ती वाकते, मधून पोक येतं आणि कडा सोलल्या जातात.

या पद्धतीचा अजून एक फायदा मला नंतर कळला. पट्टीच्या जाडीमुळे पॅनेलच्या मागे अर्धा इंच पोकळी राहते, वर-खाली बंद केली नाही तर हवा खेळती राहते, बुरशी धरत नाही. आणि दिवाळीच्या साफसफाईला सगळे पॅनेल पाच मिनिटांत उतरतात, मागे कोळिष्टकं, पालीची अंडी जे काय असेल ते साफ, उन्हात दोन तास ठेवायचे, परत अडकवायचे. उतरवले की तेव्हाच भिंतीवर हात ठेवून ओल बघून घेते मी.

वरच्या ओळीच्या तीन पॅनेलना आता चेन लावलेले कव्हर शिवून घेतलेत, कारण आई रोज खोबरेल तेल लावते आणि डोकं टेकतं तिथे सहा महिन्यांत गोल काळा डाग पडायचा. कव्हर काढून गरम पाण्यात साबणाने धुतलं की जातो. आणि उठायला तिच्या उजव्या हाताला, पॅनेलपासून वेगळं, बाथरूममध्ये लावतात तसलं स्टीलचं हँडल विटेत लांब बोल्टने बसवलंय. पहिले काही दिवस हात सवयीने पॅनेलकडेच जायचा, मी शेजारी बसून "आई, इकडे धर" म्हणायचे. आता न सांगता हँडल धरते, आणि परत पूर्ण पाठ टेकून बसते.